‘तो मतिमंद आहे’ आणि ‘त्याला एकेक काम सांगावे लागते’ : अपंगत्व असलेल्या मुलांविषयीची आपली वाक्ये

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर मी बरीच वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. नवे पालक आले की पहिल्या भेटीत मी फाईल उघडत नाही. ‘मुलाबद्दल सांगा’ एवढेच म्हणते. बहुतेकांचे उत्तर एका शब्दात येते, आणि तो शब्द डॉक्टरांनी, आधीच्या शाळेने किंवा शेजारच्या काकूंनी दिलेला असतो : मतिमंद, गतिमंद, ऑटिस्टिक, ‘स्लो’. त्यापुढचे वाक्य त्यांना सुचत नाही. मग मी विचारते, की सकाळी उठल्यावर तो काय काय स्वतः करतो, कुठे अडतो आणि अडल्यावर काय केले की पुढे सरकतो. आता आई बोलू लागते. ब्रशवर पेस्ट घेता येत नाही, पण घेऊन दिली की दात स्वतः घासतो. शर्ट उलटा घालतो, पण पुढे चित्र असलेला टीशर्ट कधी चुकत नाही. ‘आंघोळ कर, कपडे घाल आणि दप्तर घेऊन ये’ असे एका दमात सांगितले तर जागच्या जागी उभा राहतो. एकेक काम सांगितले तर तिन्ही करतो. मला त्याला शिकवायला सुरुवात करण्यासाठी जे हवे असते ते सगळे या चार वाक्यांत असते, आणि ‘मतिमंद’ या शब्दात त्यातले काहीच नसते.

अपंगत्वाविषयीच्या भाषेची चर्चा आपल्याकडे ‘कोणता शब्द योग्य’ या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. अपंग म्हणावे, विकलांग म्हणावे, दिव्यांग म्हणावे की ‘विशेष मूल’ म्हणावे, यावर तासभर वाद घालणारी माणसे त्या मुलाशी मात्र पाच मिनिटे बोललेली नसतात. माझे म्हणणे असे आहे, की मुलाकडे पाहण्याची दृष्टी नामाने जेवढी घडते त्याहून अधिक आपण त्याच्याविषयी जी पूर्ण वाक्ये बोलतो त्यांनी घडते. मराठीत तर याची आयती सोय आहे. ‘तिला चालता येत नाही’, ‘त्याला ऐकू येत नाही’, ‘त्याला अक्षरे उलटी दिसतात’ अशी वाक्ये आपण सहज बोलतो, आणि ती ऐकली की ऐकणाऱ्याच्या तोंडून पुढचा प्रश्न आपोआप येतो : मग तिला काय लागते? ‘ती पांगळी आहे’ या वाक्यावर असा प्रश्न येत नाही. तिथे एक सुस्कारा येतो.

हे केवळ माझे मत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये अपंगत्वाच्या गणनेसाठी वॉशिंग्टन गट नावाचा एक तज्ज्ञगट नेमला. त्याने जनगणनेसाठी जी छोटी प्रश्नावली तयार केली तीत ‘अपंग’ हा शब्द जाणूनबुजून टाळलेला आहे. चष्मा लावूनही पाहायला अडचण येते का, चालताना किंवा जिना चढताना अडचण येते का, लक्षात ठेवताना येते का, असे सहा प्रश्न आहेत आणि उत्तरे चार आहेत : अजिबात नाही, थोडी, बरीच, मुळीच जमत नाही. ‘तुमच्या घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारले की लाजेपोटी किंवा भीतीपोटी माणसे ‘नाही’ म्हणतात. अडचण विचारली की सांगतात. पुढे २०१६ मध्ये युनिसेफच्या सहकार्याने याच धर्तीवर २ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी प्रश्नावली आली.

ज्याला आपण वाईट शब्द समजत नाही अशा एका शब्दाची मला ‘मतिमंद’पेक्षाही जास्त धास्ती वाटते. तो शब्द म्हणजे ‘बिचारा’. वर्गात एखाद्या मुलाला बाई ‘बिचारा’ म्हणू लागल्या की त्याची वही तपासणे बंद होते, गृहपाठ विचारणे बंद होते, खोड्या केल्या तर ओरडणेही बंद होते. ‘देवाघरचे फूल’ म्हटल्यावर त्याच्याकडून पाढे कोण म्हणवून घेणार? ज्याच्याकडून कोणी काही मागत नाही ते मूल शिकत नाही, आणि वर्षाअखेर ते न शिकणे त्याच्या मतिमंदत्वाच्या खात्यावर जमा होते.

चपलांच्या दुकानात एका विद्यार्थिनीच्या आईसोबत मी होते. मुलगी बारा वर्षांची, व्हीलचेअरवर बसलेली, बोलण्यात पटाईत. दुकानदाराने तीन जोड काढून आईपुढे ठेवले आणि विचारले, ‘हिला कुठला रंग आवडतो?’ मुलीने उत्तर दिले, ‘काका, निळा. आणि बंद वेलक्रोचा द्या, बकल मला लावता येत नाही.’ त्यानंतर त्या गृहस्थांनी आईकडे पाहून विचारले, ‘निळा दाखवू ना?’ त्यांच्या तोंडी एकही अपशब्द नव्हता.

आपापल्या घरात, शाळेत, गावात अशा मुलांविषयी कोणती वाक्ये ऐकू येतात आणि त्यांचा मुलांवर काय परिणाम झालेला दिसला, हे वाचायला आवडेल.

शेवगा

लेख आवडला, पण शब्दांवर इतका जीव टाकण्याविषयी मी साशंक आहे. शब्द बदलून वृत्ती बदलली असती तर एव्हाना बदलायला हवी होती. इंग्रजीत ‘मोरॉन’ ही शिवी मुळात १९१० मध्ये हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने शास्त्रीय संज्ञा म्हणून घडवली होती. ‘स्पॅस्टिक’ (स्नायू ताठरलेले असणारा) हाही वैद्यकातलाच शब्द. त्याची पोरांनी शिवी केली म्हणून ब्रिटनमधल्या स्पॅस्टिक्स सोसायटीने १९९४ मध्ये नाव बदलून स्कोप केले, आणि मुंबईत १९७२ साली सुरू झालेली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया आज अडॅप्ट या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे ‘खुळा’ आणि ‘वेडा’ यांच्या जागी सभ्य शब्द म्हणून ‘मतिमंद’ आला आणि आज तो शाळेच्या मैदानावरची नेहमीची शिवी आहे. माझा पुतण्या इंग्रजी माध्यमात आहे. तिथली मुले एकमेकांना ‘तू स्पेशल चाइल्ड आहेस का?’ असे चिडवतात. म्हणजे गोड शब्दही नासला.

‘दिव्यांग’चेही तेच. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तो सुचवला, केंद्राच्या विभागाने हिंदी नावात तो घेतला, डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. पाटी बदलली, पण पाटीखालच्या तीन पायऱ्यांना उतार मिळाला का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तुमच्या त्या विद्यार्थिनीला दुकानदाराने ‘पांगळी’ म्हटले असते, पण दुकानात व्हीलचेअर सहज जात असती, तर मी तो सौदा मान्य केला असता.

अंतर्नाद

शेवगा, तो सौदा तुम्ही मान्य केला असता, पण तिच्या वतीने तुम्ही का करावा? मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, हा प्रतिसाद स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, ऐकत लिहितो आहे, आणि लहानपणी मला दोन्ही टोकांची भाषा मिळालेली आहे.

गल्लीत मी ‘आंधळ्या’ होतो. नातेवाइकांत मात्र ‘सूरदास’. विदर्भातले गुलाबराव महाराज प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखले जातात, हे कोणीतरी आमच्या आजीला सांगितले आणि तेव्हापासून तिने मला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणायला सुरुवात केली. महाराज बालपणीच दृष्टी गेलेले आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात मोठी ग्रंथरचना केलेले सत्पुरुष होते, त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु मला ना भजन येत होते ना ओव्या स्फुरत होत्या. प्रत्येक लग्नकार्यात ‘एक अभंग होऊन जाऊ दे’ अशी फर्माईश व्हायची आणि माझ्या बेसूर आवाजाने सगळ्यांचा विरस व्हायचा. एकीकडे आंधळ्या, दुसरीकडे प्रज्ञाचक्षू. मधल्या जागेत, जिथे क्रिकेटचे समालोचन ऐकणारा आणि भूमितीत गोडी असलेला एक साधा मुलगा मावला असता, तिथे कोणी पाहिलेच नाही. ‘दिव्यांग’ शब्दाविषयी आमच्यापैकी अनेकांची तक्रार नेमकी हीच आहे. मला दिव्य असे काही मिळालेले नाही, मला ब्रेलमधले पुस्तक वेळेवर मिळायला हवे आहे. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क समितीने भारताविषयीच्या निष्कर्षांतही हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली होती.

भूमितीचा उल्लेख केला म्हणून सांगतो. माझ्या शाळेतल्या गुरुजींनी कधी वावगा शब्द वापरला नाही. ते अतिशय मायेने म्हणत, ‘बाळ, तुला कशाला हा त्रास? गणिताऐवजी दुसरा विषय घेण्याची सवलत आहे.’ सवलत खरीच होती आणि ज्याला हवी त्याने ती जरूर घ्यावी. मला मात्र उठावाच्या आकृत्या काढून देणारे कोणी हवे होते. ‘तुला त्रास नको’ हे वाक्य ऐकून ऐकून आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी गणित सोडले.

‘अंध’ हा शब्द टाळून ‘दृष्टीचे वरदान नसलेला’ वगैरे कोणी म्हणू लागले की मला संकोच होतो. अंध म्हणा. ‘बघ ना’, ‘भेटू’, ‘काल सामना पाहिलास का?’ असेही बिनदिक्कत विचारा, आम्हीही तसेच बोलतो.

घाटमाथा

एका गोष्टीकडे कोणी लक्ष वेधले नाही म्हणून लिहितो. अशा मुलांच्या बाबतीत आपण लिंगही बदलतो. आंधळं, बहिरं, मुकं, लंगडं, येडं : सगळी नपुंसकलिंगी रूपे. ‘पाटलांचं ते लंगडं’ असे म्हटले की तो मुलगा की मुलगी हेही सांगावे लागत नाही.

आता आमच्या सातारा-कोल्हापूर भागात लहान पोरासोरांना, विशेषतः मुलींना, लाडाने ‘ते’ म्हणतातच. ‘आलं का गं शाळेतनं?’ यात माया आहे आणि ती मी नाकारत नाही. फरक पुढे दिसतो. त्याच वयाची बाकीची मुले मिसरूड फुटले की ‘तो’ होतात, लग्नाला आली की ‘अहो’ होतात. आमच्या भावकीतला एक जण चाळिशीला आला, दूध संघाच्या केंद्रावर फॅट मोजतो, हिशेब चोख ठेवतो, पण पाय अधू असल्यामुळे वाडीच्या तोंडी अजून ‘ते’च आहे. जमिनीच्या वाटणीच्या वेळी त्याला विचारायला हवे असे कोणाला वाटले नाही. ‘त्याला काय विचारायचं?’ हे वाक्य त्याच्या लहानपणापासून घरात होते, वाटणीच्या दिवशी ते फक्त पुन्हा बोलले गेले.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

घाटमाथा, हे फार मोलाचे निरीक्षण आहे. आमच्याकडे येणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या तरुणांनाही पालक ‘आमचं बाळ’ म्हणतात, त्यांना शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या घालतात, आणि मग तो पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसला की सगळ्यांची पंचाईत होते. त्याला कोणी मोठे होऊ दिले नाही, तर मोठ्यासारखे वागायचे तो कुठून शिकणार?

अंतर्नाद, भूमितीविषयी पुढे काय झाले तेही कधी लिहा.

रानजाई

माझ्या मुलीला जन्मतः ऐकू येत नाही. आता ती सहावीत आहे.

तिच्या तपासणीनंतर आम्हाला जो कागद मिळाला त्यावर ‘मूकबधिर’ असे लिहिलेले होते. ती तेव्हा दीड वर्षाची होती. कान तपासले होते, वाचा कोणी तपासली नव्हती; तरीही ‘मूक’ हा निकाल आधीच लागला होता. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांचा गळा, जीभ, स्वरयंत्र बहुधा ठणठणीत असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खुणांच्या भाषेत धडाधड बोलणाऱ्या माणसाला मूक म्हणणे हे आपल्याला त्याची भाषा येत नाही याचे खापर त्याच्या माथी फोडण्यासारखे आहे.

या एका शब्दाने आमच्या घरात काय झाले ते सांगते. ‘ती मुकी आहे’ असे एकदा ठरल्यावर सासरची माणसे तिच्याशी बोलेनाशी झाली. त्यांचे तिच्यावर प्रेम नव्हते असे नाही, खाऊ यायचा, फ्रॉक यायचे. पण गोष्ट सांगणे, रागावणे, ‘उद्या मामा येणार आहे’ हे कळवणे बंद. मामा दारात उभा राहिला की तिला कळायचे. ऐकणाऱ्या मुलाला घरातल्या गप्पांतून न शिकवता जे हजार गोष्टींचे ज्ञान मिळते ते तिला मिळत नव्हते, आणि तो तोटा श्रवणयंत्राने भरून निघत नाही. मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत त्याला कोणतीही एक भाषा नीट मिळाली नाही, तर पुढची भाषाच नव्हे, विचारही अडखळतात.

खुणांबद्दल तर आणखी गंमत. आम्हाला अनेकांनी बजावले, की खुणा केल्यात तर ती बोलायला शिकणार नाही, ‘माकडचेष्टा’ नकोत. हा समज फार जुना आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून केवळ तोंडी शिक्षणाचा ठराव केला, आणि जगभरातल्या कित्येक पिढ्यांनी वर्गात हात बांधून बसण्याची शिक्षा भोगली. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची संशोधन आणि प्रशिक्षण संस्था २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झाली. ती भाषा आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, हे पुस्तकात मान्य झाले. आमच्या चाळीत ते मान्य व्हायला माझ्या लेकीने शेजारच्या मुलांना खुणांतून चिडवायला शिकवावे लागले. आता जिन्यात मोठ्यांना कळणार नाही अशा गप्पा चालतात.

हल्ली ‘कर्णबधिर’ म्हणतात, ते मला चालते. ती स्वतः सांगते तेव्हा एवढेच सांगते : ‘मला ऐकू येत नाही, समोर येऊन बोला.’

कलमदान

कायद्याची बाजू थोडक्यात नोंदवतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकार होते आणि त्यांत ‘मेंटल रिटार्डेशन’ असाच शब्द होता. २०१६ च्या अधिनियमात प्रकार २१ झाले आणि त्या शब्दाच्या जागी ‘बौद्धिक अक्षमता’ आले. याच अधिनियमाच्या कलम ९२ नुसार, लोकांच्या नजरेसमोर अपंग व्यक्तीचा पाणउतारा करण्याच्या उद्देशाने जाणूनबुजून अपमान केल्यास ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. शाळेतल्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ आहेच; शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही तिथे बंदी आहे.

जुलै २०२४ मध्ये अपंगहक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतील अपंगत्वाच्या चित्रणाविषयी जो निकाल दिला, तो या धाग्याच्या संदर्भात वाचण्यासारखा आहे. ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘बळी’ या धर्तीची भाषा सगळा दोष व्यक्तीच्या शरीरावर ढकलते आणि समाजाने उभे केलेले अडथळे झाकते, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे. अपंगत्व समजून घेणारा विनोद आणि अपंगांना हिणवणारा विनोद यांतही त्याने फरक केला आहे. आपल्या बातम्यांत ‘सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त चिमुकल्याने दहावीत यश मिळवले’ अशी वाक्ये दर जूनमध्ये येतात.

शेवगा

रानजाईताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझा सूर थोडा उतरला आहे. मुलीशी कोणी बोलेनासे होणे हे उतार नसलेल्या पायऱ्यांपेक्षा लहान नाही, हे मान्य.

पण कृष्णाकाठ यांना एक अडचण विचारतो. प्रमाणपत्राशिवाय काही मिळत नाही, आणि त्यावर नाम लागते, शिवाय टक्के लागतात. ४० टक्के असतील तर सवलती, ३८ असतील तर नाहीत. ‘त्याला एकेक काम सांगावे लागते’ असे लिहिलेला कागद नेला तर खिडकीवरचा कारकून हाकलून देईल.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

देईलच. म्हणून प्रमाणपत्रावर जे नाम असेल ते असू द्यावे, ते मिळवण्यासाठी भांडावेही. मी स्वतः पालकांना वैश्विक ओळखपत्राचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, यूडीआयडीचा) अर्ज भरून देते. माझा आग्रह एवढाच आहे, की कार्यालयातला शब्द कार्यालयातच ठेवावा. तो घरी आणून ताटावर, अंथरुणावर, खेळात वापरू नये. टक्केवारीचे तर विचारूच नका. ‘आमचा साठ टक्के आहे’ असे आई सांगते तेव्हा समोरच्याला वाटते की मूल चाळीस टक्केच शिल्लक आहे.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो. जूनपासून माझ्या वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर पुरेसा ताबा नसणे) असलेला एक मुलगा येणार आहे. त्याचे बोलणे अस्पष्ट आहे, लाळ गळते, बुद्धी मात्र तल्लख आहे असे आधीच्या बाई सांगतात. वर्गातल्या मुलांना पहिल्या दिवशी नेमके काय सांगावे? ‘त्याला हसू नका’ असे सांगितले की हमखास हसतात, हा अनुभव आहे.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर, आधी त्याला आणि त्याच्या आईला विचारा. काही मुलांना आपली ओळख स्वतः करून द्यायची असते, काहींना ती शिक्षकांनी करून द्यावीशी वाटते, तर काहींना पहिल्या दिवशी काहीच नको असते. त्याचा होकार असेल तर वर्गाला रोग, कारण, नशीब यांतले काहीही सांगू नका. कामाचे सांगा : याच्या तोंडाचे स्नायू त्याचे पटकन ऐकत नाहीत, म्हणून त्याला बोलायला वेळ लागतो, त्याचे वाक्य संपेपर्यंत थांबायचे, मध्येच त्याच्यासाठी पूर्ण करायचे नाही, समजले नाही तर ‘पुन्हा सांग’ म्हणायचे, समजल्याचे नाटक करायचे नाही. लाळेसाठी खिशात रुमाल असेल, तो स्वतः पुसेल. चौथीच्या मुलांना ‘का’ विचारण्याची खोड असते. त्यांनी विचारले तर दटावू नका, उत्तर द्या किंवा त्यालाच देऊ द्या.

मदतनीस म्हणून एकच ‘गुणी’ मुलगी त्याच्या शेजारी कायमची बसवण्याची पद्धत आहे, ती टाळा. थोड्या दिवसांत ती त्याची आई होते आणि त्याच्या वाटची उत्तरेही तीच देऊ लागते. बाक दर आठवड्याला बदलता येईल.

आणि पहिल्याच आठवड्यात त्याची वही तपासून चुकांवर लाल शाईने खूण करा. बाकीची मुले तुमचे बोलणे ऐकण्यापेक्षा तुम्ही कोणाची वही तपासता हे जास्त बारकाईने पाहत असतात.

खडूफळा

त्याला पेन धरता येत नसेल तर?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

तर तो उत्तर सांगेल आणि त्या दिवशी शेजारी बसलेला लिहील, किंवा अक्षरांचा तक्ता समोर ठेवून तो बोट दाखवेल. लिहिणाऱ्याला बजावून ठेवा, की त्याने चुकीचे सांगितले तर चुकीचेच लिहायचे.